वजनकाट्यावर सहाजण

काडीला काडी म्हणायला लागले तेव्हा तो खरोखरच काडी होता. आता धंदा सांभाळणाऱ्या ताईच्या वडिलांकडे फरशी बसवायच्या कामाला लागला त्या दिवशी त्याची पँट सुतळीने बांधलेली होती. पुढे अंग सुटत गेलं, नाव मात्र तेच राहिलं. बाथरूमच्या फरशीला उतार द्यावा तर त्यानेच. पाण्याची कोपऱ्यात थांबायची बिशाद नसे. गुडघे मात्र कुरकुरायला लागले होते. कामावर न्यायला व्हॅन दारात येत होती म्हणून बरं, नाहीतर त्याला केव्हाच घरी बसावं लागलं असतं.

ती व्हॅनही आता थकली होती. परवा चढावर, आत सहाजण आणि मागे फरशांचे खोके असताना, ब्रेक दाबूनही ती मागे घसरायला लागली. ड्रायव्हरने कशीबशी फुटपाथला अडवली. कुणाला खरचटलंही नाही, पण आता नवी गाडी घ्यायची, हे ताईने तिथेच ठरवलं.

शोरूममध्ये सगळ्यांना दोन गाड्या दाखवल्या. दिसायला जुळ्या बहिणी. एकीला आठशे किलो झेपत होतं आणि ती लगेच मिळणार होती. दुसरीला अकराशे, पण तिच्यासाठी दोन महिने थांबायचं. ताईने फरशा, सिमेंट, कटर असं सगळं मिळवून पाहिलं. साडेतीनशेच्या आत बसत होतं.

"मग छोटीच पुरे की," ती म्हणाली.

"माणसंही त्यातच धरायची, मॅडम," विक्रेता म्हणाला. "सीटवर बसलं म्हणून वजन हवेत जात नाही. आणि जास्तच होत असेल, तर एक माणूस कमी बसवा."

पुट्टीच्या डब्याचं वजन झोपेत सांगतील अशी ही मंडळी, पण स्वतःला सामानात धरायचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. काडीने शर्ट हळूच पोटावरून खाली ओढला. तो एक माणूस कोण, हे विचारायला ज्योतिषाकडे जायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईने एकेकाला वजन विचारलं. काडीने छाती पुढे काढून, म्हणजे पोट आत ओढून, सांगितलं, "पंच्याण्णव." बेरीज चारशे चाळीस झाली. छोटी गाडी पुरत होती. सगळे खूश झाले, आणि काडी सगळ्यांत मोठ्याने हसला.

घरी मात्र त्याने ताट अर्ध्यावरच सारलं. बायकोने खोदून खोदून विचारल्यावर त्याने थाप कबूल केली.

"अहो, चढावर पुन्हा ब्रेक लागला नाही तर?" ती म्हणाली. "गाडीत काय तुम्ही एकटेच असणार आहात?"

सकाळी सांगून टाकायचं ठरवूनच तो गेला. पण त्याने तोंड उघडायच्या आत ताई सगळ्यांना शेजारच्या भंगारवाल्याकडे घेऊन गेली. त्याच्याकडे ट्रक तोलायचा काटा होता.

"चला, उभे राहा सगळे. मीपण येते."

काट्याच्या पोलादी पत्र्यावर सहाजण दाटीवाटीने उभे राहिले. भंगारवाल्याने खिडकीतून ओरडून आकडा सांगितला, "पाचशे!"

साठ किलोंचा फरक. कुणी कुणाकडे बघेना.

"तीस माझे," काडी मान खाली घालून म्हणाला. "मी खोटं बोललो, ताई. वाटलं, मला वगळाल."

मग कटरवाला खाकरला. "दहा माझे."

फरशांच्या फटींत ग्राउट भरणारे दोघे भाऊ एकमेकांना कोपरं मारत होते. त्यांचे पाच-पाच निघाले. ड्रायव्हर म्हणाला, "माझे पाच. लग्नाच्या वेळचं सांगितलं होतं."

आता पाच उरले आणि सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"बघताय काय?" ताई लाल होत म्हणाली. "माझेच आहेत!"

भंगारवाल्यासकट सगळे हसत सुटले. हसू ओसरल्यावर ताईने काट्यावरूनच शोरूमला फोन लावला आणि अकराशेवाली सांगितली. ब्रेक दुरुस्त करून दोन महिने जुनीच चालवायची. माल तिच्यात भरायचाच नाही.

"मोठी माझ्यामुळे घ्यावी लागली," काडी पुटपुटला. "छोटी घेऊन मला वगळलं असतं तर..."

"फरशा काय, दुकानदार साइटवर पोचवून देतो," ताई म्हणाली. "तुला कोण पोचवणार?"

काडीचा जीव भांड्यात पडला. कालपासून आत ओढून धरलेलं पोट त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, सोडून दिलं.