माहेरी, गाईडसह

बायकोला माहेरी न्यायला सहल कंपनीचं तिकीट काढणारा पुण्यातला पहिला जावई बहुधा मीच. सुमन हैदराबादेत, मलकपेठेत वाढलेली. राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तसे सासरे घर आवरून औरंगाबादला बदलून गेले आणि वर्षाच्या आत वारले. सासूबाई आधीच गेलेल्या, भाऊ नाही. हैदराबाद गेलं आंध्रात. तिथे आम्ही आता प्रेक्षणीय स्थळं पाहायला निघालो होतो.

व्यवस्थापक साने, पक्के पुणेकर. त्यांनी चारमिनारसमोर उभं करून सुमनला चारमिनार समजावून सांगितला. तिनंही तो मुकाट ऐकून घेतला.

जेवणाची तर तऱ्हाच न्यारी! शेजारच्या खाणावळीतून बगारा बैंगनचा (चिंच-शेंगदाण्याच्या रश्शातल्या वांग्यांचा) घमघमाट यायचा आणि आम्ही पुण्याहून सोबत आणलेल्या आचाऱ्याचा वरणभात गिळायचो. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर जबाबदारी आमची नाही, असं सान्यांनी बजावलेलं. खरेदीची जबाबदारी मात्र ते आनंदानं घेत. ठरलेल्या दुकानांत त्यांचं कमिशन असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लाड बाजारातल्या अशाच एका दुकानात एक वयस्क बाई लाखेच्या बांगड्या भरत होत्या. सुमननं हात पुढे केला आणि माझ्यादेखत दख्खनीत सुरू झाली. मलकपेठ, शाळा, अब्बा नहीं रहे, भाई नहीं, काय काय! हात भरून झाले. रीतीप्रमाणे तिनं बाईंना वाकून नमस्कार केला. मी पाकीट काढलं, तर तिनं माझा हात धरला.

"माहेरी भरलेल्या बांगड्यांचे पैसे नवऱ्यानं द्यायचे नसतात."

"अगं, मग देणार कोण?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. ती बांगड्या उतरवू लागली. डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंची जुनी गिऱ्हाइकं म्हणजे मराठी घरं. त्यांना रीत सांगावी लागली नाही. त्यांनी सुमनचा हात धरून ठेवला आणि सान्यांकडे पाहिलं.

"मरद के पैसे नक्को. इनका कमिशन है ना, उसमेंच काट लेती. आज बच्ची का भाई येच."

साने लालबुंद. सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत होती. नाही म्हणावं तर अब्रू, हो म्हणावं तर खिसा.

"काटो," ते कसेबसे म्हणाले. सुमननं त्यांनाही वाकून नमस्कार केला, तेव्हा ते नुसतेच चष्मा पुसत राहिले.

पुण्याला परतलो. आईनं आधी बांगड्याच पाहिल्या. कोणी गं घेतल्या, म्हणाली.

"भावानं," सुमन म्हणाली.

आई माझ्याकडे बघत राहिली. सुमनचं माहेर सरकारनं कोणत्या राज्यात टाकलं, हे मी नकाशावर दाखवलं असतं. ते परत कसं मिळालं हे सांगायचं, तर सान्यांच्या कमिशनचा विषय काढावा लागला असता. आता घरच्या माणसाबद्दल असं बोलायचं कसं?