संगमेश्वरचा स्कॅन

मंडळी, आज हे कुठेतरी लिहायलाच हवं होतं.

रत्नागिरीतल्या एका खाजगी रुग्णालयाचा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. स्कॅन पटापट उघडावेत म्हणून साहेबांनी काल एका वेळी जाणाऱ्या डेटाची मर्यादा वाढवायला लावली. मी म्हटलं, "आपल्या संगमेश्वर शाखेची इंटरनेट लाइन कच्ची आहे, तिथे आधी तपासू."

"इथे चालतंय ना? मग झालं."

आज सकाळी संगमेश्वरच्या शाखेत डोक्याला मार लागलेला माणूस आला. त्याचा स्कॅन इथल्या डॉक्टरांपर्यंत पोचेना. डेटाचा मोठा तुकडा वाटेत तुटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. शाखेतून आलेल्या फोनवर मागून त्याची बायको विचारत होती, "फोटो दिसला काय वो?"

मी मर्यादा खाली आणली. स्कॅन लगेच उघडला. डॉक्टर तो बघत असतानाच तिकडून निरोप आला, माणूस गेला.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज: "इथे पुन्हा स्लो का झालंय?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?