दहा नंबरची रिकामी जागा

फिटरकाकांबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. अठरा वर्षं आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. माझं वह्या-पेनांचं, त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं. पण त्यांना चहात साखर किती लागते याच्यापलीकडे मला फारसं काही ठाऊक नव्हतं. खाली लिहिलंय ते त्यांनी एकदाच, एका दुपारी सांगितलेलं. थोडं त्यांच्या बहिणीकडून कळलेलं.

भाऊ तिघे. दादा विमान चालवायचा, मधला बॉम्बफेकी विमानात शेपटाकडे मशीनगन घेऊन बसायचा. युद्ध पेटलं तेव्हा धाकट्यानेही नाव घातलं, तशी आई दारात आडवी उभी राहिली. "दोघं आभाळात गेले तेवढे पुरे. तू जमिनीवरच राहायचंस." म्हणून धाकटा इंजिनाचा फिटर झाला.

मधला पहिल्याच हिवाळ्यात समुद्रावर विमान पडून गेला. तार आली, त्यात चार ओळी होत्या. आईने ती घडी घालून डब्यात ठेवली आणि धाकट्याला पत्र पाठवलं, की दादाच्या जवळ बदली मिळते का बघ. मिळाली. मग दादा सगळ्यांना सांगत सुटला, "माझ्या विमानाला हा सोडून कुणी हात लावायचा नाही. घरचा माणूस आहे, चूक झाली तर आईकडे तक्रार करता येते!"

तिथे विमानतळावर कामाची एक शिस्त होती. भिंतीवर मोठा फळा. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली, आणि हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचं. काम संपलं की फळा भरायचा. एकही लाल आकृती उघडी दिसली तर विमान हलायचं नाही, कारण विसरलेला पाना इंजिनात कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. फळा भरला की मगच फिटरने कागदावर सही करायची.

त्या दिवशी उड्डाणाचा हुकूम तासभर आधीच आला. धाकट्याने इंजिनाचं झाकण बसवलं, बोल्ट आवळले आणि हत्यारं हातात गोळा करतानाच सही करून टाकली. रोजची सवय होती. फळा रोज भरायचाच. फळ्यापाशी आला तर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी. तो पळत बाहेर आला, गवतात शोधू लागला. दादा वर बसून पट्टे आवळत होता.

"काय रे, बायको हरवली की काय?"

"पाना सापडत नाहीये."

"गवतात असेल. तू नेहमीचाच वेंधळा! संध्याकाळी दोघं मिळून शोधू."

धाकट्याने हात वर करून थांबवायला हवं होतं. पण सही झालेली, मागे चार विमानं खोळंबलेली, आणि सगळ्यांसमोर दादाचं हसं झालं असतं. हात वर गेला नाही. विमान गेलं. गवत त्याने गुडघ्यांवर रांगत पिंजून काढलं.

संध्याकाळी पाचांपैकी दोन परत आली, दादाचं त्यांत नव्हतं. कागदावर तिन्हींपुढे एकच कारण लिहिलं होतं: शत्रूचा मारा. पान्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. पाना मात्र कधीच सापडला नाही.

आई पुढे अकरा वर्षं जगली. कुणी आलं-गेलं की सांगायची, "धाकटा होता ना, म्हणून दादाचं विमान शेवटपर्यंत ठणठणीत होतं." धाकटा तेवढ्यात पाणी आणायला आत जायचा. सांगायचं सांगायचं म्हणता आई गेली.

त्यांच्या दुकानातही तसाच फळा होता, आणि दहा नंबरची आकृती उघडी. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "फिटरकाका, चोरी झाली वाटतं!" ते म्हणायचे, "झाली." मी शहाणा! एकदा नवा पाना आणला आणि ते बाहेर गेलेले बघून त्या जागी टांगला. परत आल्यावर त्यांनी तो हळूच उतरवला, फडक्याने पुसला, खणात ठेवला. रागावले नाहीत. मला स्टुलावर बसवलं आणि वरचं सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, "मारा झाला असेलही. पण मला कसं कळणार?"

मी चहा सांगितला.

त्यांची हत्यारं उसनी मिळत, पण शटर ओढायच्या आत परत द्यावी लागत; सगळी मोजल्याशिवाय ते दुकान बंद करत नसत. नाहीतर ते आमच्या दारात उभे. पुढे तीन वर्षांनी माझ्या सायकलची सीट ढिली झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान उघडणार नव्हतं, पुढेही कधी नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक? मी पाना मागितला. त्यांनी खण उघडला आणि मीच दिलेला तो दहा नंबरचा काढून दिला.

"आत्ता आणून देतो, काका."

"आत्ता कशाला? उद्या दे."

"आणि तुमची मोजणी?"

"राहू दे रे. सीट घट्ट आवळ, आणि सावकाश जा."