भिंतरावांची उडी

सगळे त्यांना भिंतराव म्हणत. आठवडाभर सलूनमध्ये लोकांच्या दाढ्या करणारा हा माणूस रविवारी सकाळी पन्नाशीपुढच्यांच्या फुटबॉल संघात गोलकीपर असायचा आणि चेंडूला खरोखर भिंतीसारखा आडवा यायचा. विरोधी संघातले मात्र हसून म्हणत, "भिंत आहे, पण कुंपणाची. वरून टाका, जातो!" हे भिंतरावांना फार झोंबायचं. कुणी उंची विचारलीच तर ते मान ताठ करून "साडेपाच फूट" सांगत आणि लगेच विषय बदलत.

एका रविवारी खेळ संपला. बाकीचे कडेला बसून बूट काढत होते. जाळीत अडकलेला चेंडू सोडवायला भिंतराव वाकले, जाळी जरा ओढली, आणि गोलची अख्खी लोखंडी चौकट त्यांच्या अंगावर आली. चौकट हलू नये म्हणून मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवलेली असत. गवत कापताना क्लबच्या माणसांनी ती उचलली होती आणि परत ठेवायची कुणाला आठवण राहिली नव्हती. भिंतरावांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

"चार महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो डॉक्टर, माझा सगळा धंदाच खांद्याच्या वर आहे. लोकांची डोकी तिथंच असतात!"

दुकान मेव्हण्याच्या हाती गेलं. त्याचा हात सफाईदार, पण तोंडाला कुलूप. आठवड्यात गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, "दाढी झाली, पण गावातली एक बातमी कळेल तर शपथ." शेवटी भिंतरावांनी कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि गळ्यात हात अडकवून गप्पांची बाजू सांभाळायला घेतली. तिथंच एक निवृत्त पोस्टमास्तर त्यांना म्हणाले, "माझ्या लेकीला जाऊन भेटा. वकील आहे, असल्याच नुकसानभरपाईची कामं करते."

"छे छे! वीस वर्षं खेळतोय मी तिथं. आपल्याच माणसांवर केस करू?"

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "आपली माणसं म्हणता, तर तो क्लबचा सेक्रेटरी एकदा तरी विचारपूस करायला आला का?" हेच तर भिंतरावांना खांद्यापेक्षा जास्त दुखत होतं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन पोस्टमास्तरांच्या लेकीकडे गेले.

वकीलबाईंचं ऑफिस सायकलच्या दुकानावर होतं, अरुंद जिन्याचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "क्लबचा विमा आहे. सेक्रेटरीच्या खिशातून काही जाणार नाही. मग तुम्ही कशाला जीव खाली-वर करताय?" त्यांनी दवाखान्याचे कागद मागवले, पडलेल्या चौकटीचे फोटो मिळवले, दोघा खेळाडूंचे जबाब लिहून घेतले आणि क्लबला नोटीस धाडली.

उत्तर आलं, तेव्हा भिंतरावांचा पारा चढला. क्लबचं म्हणणं असं, की हे गृहस्थ वरच्या दांडीला लटकून झोके घेत होते, म्हणून चौकट पडली!

"या वयात मी झोके घेईन?"

वकीलबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दांडी आठ फुटांवर आहे. तुमची उंची किती?"

"साडेपाच फूट."

"खरी सांगा."

भिंतराव छताकडे बघायला लागले. बायकोनंच सांगून टाकलं, "पाच फूट दोन इंच. इतकी वर्षं ह्यांच्या पँटी मीच आखूड करतेय."

हात बरा झाल्यावर विमा कंपनीचा अधिकारी मैदान बघायला आला. सेक्रेटरीही होता, आणि भिंतरावांची बायकोही. वकीलबाई म्हणाल्या, "भिंतराव, डाव्या हातानं दांडीला हात लावून दाखवा. पूर्ण जोर लावा, खोटं काही करायचं नाही."

भिंतरावांनी उडी मारली. हात वीतभर खालीच राहिला. अधिकाऱ्यानं वहीत टिपलं आणि तो म्हणाला, "ठीक आहे, झालं."

"थांबा, बुटाची नाडी सैल होती," भिंतराव म्हणाले. आता त्यांच्या अंगात आलं होतं. दुसरी उडी त्यांनी चार पावलं धावून मारली. वीतभराची चार बोटं झाली. बायकोनं पदर तोंडाशी धरला. तिसऱ्या उडीसाठी ते आणखी मागे गेले, तेव्हा वकीलबाईंचा जीव टांगणीला लागला.

"अहो पुरे!"

"आता लागतोय बघा!"

"लागू नये म्हणून तर आलोय ना आपण!"

तिसरी उडीही हुकली आणि भिंतराव गवतात फतकल मारून बसले. चेहरा असा पडलेला, जणू केस हरले. अधिकारी पोट धरून हसत होता. डोळे पुसत त्यानं सेक्रेटरीला विचारलं, "हे लटकले कसे, ते तुम्ही पाहिलंत?"

"मी… पाहिलं नाही. कुणीतरी म्हणालं होतं," सेक्रेटरी पुटपुटला.

तीन आठवड्यांत तडजोड झाली. औषधपाणी आणि दुकानाचं नुकसान, दोन्ही भरून निघालं. वकीलबाईंनी एक अट घातली होती, दोन्हीकडच्या चौकटी सिमेंटमध्ये पक्क्या रोवायच्या. गोलकीपिंग डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. त्यावर भिंतराव दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी शिट्टी विकत घेऊन रेफरी झाले.

पुढच्याच सोमवारी सेक्रेटरी सलूनमध्ये आला आणि निमूटपणे खुर्चीत बसला.

"भिंतराव, चुकलं माझं. दवाखान्यात यायला हवं होतं. आणि वस्तरा तुमच्या हातात आहे, तेव्हा आधी माफ करा, मग सुरू करा."

भिंतराव खळखळून हसले. त्यांनी त्याच्या गालांना, ओठांना, हनुवटीला भरपूर फेस लावला. मग तो बोलू शकत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी केसची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली.