शून्याचं टोक

आमच्या घरात मापाच्या टेपची दोन टोकं वाटून दिलेली आहेत. शून्याचं टोक माझ्याकडे, आकड्याचं मिस्त्रींकडे. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. अख्खा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो, मग मी तरी वेगळं का म्हणू? लग्न होऊन आले तेव्हापासून घराला लागून असलेल्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये मी शून्य धरून उभी आहे. पलीकडून ते आकडा ओरडणार, मी भिंतीवर खडूने लिहिणार. ओरडणं असं, की कोणत्या गाडीचं काय माप आलं ते कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही कळावं.

त्यांचा दुसरा हट्ट ट्रायलचा. पुढच्या चाकांचं काम केलं, की घरचं माणूस शेजारी बसवून गाडी पळवायची आणि मगच गिऱ्हाइकाला चावी द्यायची. घरचं माणूस म्हणजे अर्थात मी. कढईत फोडणी तडतडत असली तरी शेडमधून हाक यायची, "चल गं, बस." गॅस बंद करायचा आणि जाऊन बसायचं. गाडीत नवरा-बायकोने काय गुलूगुलू बोलावं! हे मात्र कान लावून चाकं ऐकणार, आणि मी तोंड उघडलं की म्हणणार, "गप्प बस, आवाज लागू दे."

त्या दिवशी शेडमध्ये आमच्या बारकीची गाडी होती. बारकी आमची एकुलती एक लेक. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून ते नाव पडलं, आता बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघते. डोंगरावरच्या खाणीत कामगारांची ने-आण करते. वाटेत दगड फार, म्हणून कुठूनसा ट्रक उंच करून घेतला आणि तेव्हापासून गाडीला नवंच दुखणं लागलं. उतारावर वेग आला की स्टिअरिंग थडथडायचं, हातातून सुटतंय की काय असं व्हायचं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागे बाकांवर बसलेली माणसं. आणि ती हे हसत हसत सांगत होती.

मिस्त्रींनी खाली वाकून लगेच सांगितलं, "गाडी वर गेली, पण आर्म जुनेच राहिले. ते आता तोकडे पडतात." चॅसीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, पुढच्या चाकांच्या ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना लोखंडी हात असतात, ते आर्म. तेच ॲक्सलला जागेवर धरून ठेवतात. म्हणून नवे, लांब आर्म आणले. त्यांचं एक टोक आट्यांवर फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. डावा-उजवा अगदी सारखा हवा, नाहीतर एक चाक पुढे आणि एक मागे. म्हणजे थडथड जायची राहिली बाजूला, गाडी दरीकडेच ओढायची.

सकाळी बाकावर आर्म मोजले. मी शून्य धरलं, ते पलीकडे वाकले. डावा मोजला, म्हणाले, "बरोबर." उजवा मोजला, म्हणाले, "बरोबर." मी खडू घेऊन उभीच.

"आकडा?"

"बरोबर आहे म्हटलं ना! आकड्याचं लोणचं घालायचंय?"

मी खडू ठेवला. हल्ली बरेच दिवस हे असंच चाललं होतं. घसा बसला असेल, कंटाळा आला असेल, असं मी धरून चालले होते.

मग गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. उजवा आर्म मुकाट बसला. डाव्याची भोकं काही केल्या जुळेनात. पट्टा बांधून ॲक्सल ओढला, खालून जॅक दिला, तरी बोल्ट आत जाईना. आणि मिस्त्रींनी काय करावं? भोक जुळलं का ते पाहायला बोट आत घातलं! याच शेडमध्ये बोट घालणाऱ्या पोरांच्या हातावर यांनी पाने हाणलेत. ॲक्सल जरा जरी सरकला, तर लोखंड बोट कापून नेतं.

"अहो, बोट!" मी किंचाळले.

त्यांनी बोट काढलं आणि पट्टा करकचून ओढला तसा ॲक्सल धाडकन सरकला. ते मात्र काहीच न झाल्यासारखं हातोड्याने बोल्ट आत ठोकत होते. बारकी घरात डबा भरत होती. दुपारच्या पाळीची माणसं नाक्यावर तिची वाट बघणार होती.

गाडी चाकांवर उतरवली, बोल्ट आवळले. मी पदराला हात पुसले आणि सवयीने दार उघडून बसले. मिस्त्री स्टिअरिंगवर आले. चावी लावली, पण फिरवली नाही.

"तू उतर. मी एकटाच जाऊन येतो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. आमचं कडाक्याचं भांडण झालेलं असतानाही मला बसवलंय यांनी.

"का?"

"ऊन आहे."

"शेडवर पत्रा आहे. तिथे काय बर्फ पडतोय?"

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. चावी अजून फिरलेली नव्हती. मग एकदम माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. आकडा न सांगता 'बरोबर', भोकात घातलेलं बोट, आणि आता हे 'उतर'.

"मिस्त्री, तुम्हाला टेप दिसत नाही."

"हळू बोल. ती ऐकेल."

"दिसतं की नाही?"

"लांबचं दिसतं," ते म्हणाले. "जवळचं सगळं दुधात बुडवल्यासारखं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, मोतीबिंदू. ऑपरेशन करा. मी म्हटलं, बघू. आंधळ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणेल गं?"

मला इतका राग आला की रडूच फुटलं. पण मी उतरले नाही. "मी इथून हलणार नाही," म्हटलं. "गाडी न्यायची तर मला घेऊन न्या. नाहीतर परत मोजा."

बारकी डबा घेऊन दारात आली. "झाली का गाडी? मी निघू?"

हे मी सांगून उपयोगाचं नव्हतं. मिस्त्रींनी चावी काढली, खाली उतरले आणि लेकीसमोर मान खाली घालून म्हणाले, "बारके, गाडी झालेली नाही. मला आकडे दिसत नाहीत. मी अंदाजाने बसवलंय."

बारकीने डबा खाली ठेवला, नाक्यावर फोन करून आज दुसरी गाडी बोलवा म्हणून सांगितलं आणि बाह्या वर सारल्या.

"आई, टेप."

मी सवयीने शून्याचं टोक पकडायला गेले. मिस्त्रींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "मी धरतो," म्हणाले. "वाच तू."

चॅसीला दोन्हीकडे एक गोल भोक असतं. तिथून ॲक्सलपर्यंत मोजायचं. जन्मभर आकडे लिहिले मी, टेपवर वाचला एकही नव्हता. खाली पालथी पडून टेपवर नाक टेकवलं. उजवीकडे गेले, मग डावीकडे, आणि खात्री करायला पुन्हा उजवीकडे.

"ओरड की!" मिस्त्री म्हणाले.

मी ओरडले. डावं चाक करंगळीच्या पेराएवढं मागे होतं.

गाडी पुन्हा वर चढली. डावा आर्म सोडला, मी आकडा सांगत गेले तसं बारकीने टोक फिरवलं. या वेळी बोल्ट बोटाने ढकलला तरी आत गेला. ती लगेच आवळायला निघाली तर मिस्त्री गरजले, "थांब! चाकांवर उतरव आधी. लटकत्या गाडीचा बोल्ट आवळलास तर आतलं रबर पिळलेलंच राहतं." गाडी उतरली, बोल्ट आवळले, टेप पुन्हा लागली. डावा आणि उजवा आकडा एकच आला. मी तो भिंतीवर एवढा मोठा लिहिला की अजून पुसलेला नाही.

ट्रायलला बारकी स्टिअरिंगवर, मिस्त्री मध्ये, मी दाराशी. कालव्याच्या उतारावर, जिथे हमखास थडथड सुटायची, तिथे तिने वेग वाढवला. मी डोळे मिटले. खड्डा आला, गाडी उडाली, परत टेकली. मी थडथडीची वाट बघत राहिले. ती आलीच नाही. डोळे उघडले तर बारकीची बोटं स्टिअरिंगवर नुसती टेकलेली होती आणि ती बापाच्या खांद्याला खांदा लावून रडत होती.

घरी आल्यावर ती बाहेर फोनवर बोलत बसली. मी चहा टाकला. मघापासून डोक्यात घोळत असलेला प्रश्न विचारून टाकला.

"ट्रायलला मला बसवत होतात तेव्हा? एवढे दिवस नुसतं 'बरोबर' म्हणत होतात, तेव्हाही दिसत नव्हतंच ना?"

मिस्त्रींनी रिकामा कप बाजूला सारला. "नव्हतं."

"मग तेव्हा नाही वाटली भीती?"

"वाटत होतं, हाताला सवय आहे, चुकणार नाही. आज लेकीची गाडी समोर आली आणि धीर सुटला." ते थांबले. "तुझ्या वेळी सुटायला हवा होता. त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेळी सुटायला हवा होता."

मी बोलणार होते. चांगलं सुनावणार होते, शब्द जिभेवर आले होते. पण ते उठले, चपला घातल्या, खिळ्यावरची टेप काढली आणि शून्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरून टेपची पेटी माझ्यापुढे केली.

"चल," म्हणाले. "सगळ्या गाड्या परत मोजायच्या. पहिली दूधवाल्याची. त्याची पोरं बसतात पुढे."

मी गॅस बंद केला.