चुलत सासूबाईंचा धाक

माझ्या चुलत सासूबाईंइतकं भेडसावणारं माणूस तोरण्याच्या पायथ्याला दुसरं झालं नाही, आणि मी पैजेवर सांगते, होणारही नाही. गोडीगुलाबी त्यांना ठाऊकच नव्हती. कुणाकडून काम करून घ्यायचं तर आधी त्याला घाबरवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. मी नवी नवरी असताना भाकरी जरा जाड झाली, तर म्हणाल्या, "असली भाकर खाऊन हितं एक पाव्हणा जागीच गेला, ठावं हाय का?" वाडीत भांडण लागलं की त्या वेल्ह्याचा फौजदार बोलवायच्या, तो बिचारा कधी आलाच नाही, पण भांडण मिटायचं. पोरांसाठी मात्र त्यांनी खास राखून ठेवला होता देवीची लस टोचणारा. "झोप गं, न्हाईतर त्याला बोलावते. ही एवढी सुई हाय त्याच्यापाशी!" असं म्हणत त्या कोपरापर्यंत हात दाखवायच्या. पोरं गपकन डोळे मिटायची. आम्हा आयांनाही ते बरंच होतं, खोटं कशाला बोलू!

मग एका उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीत देवी आल्या, दोन लेकरं गेली, आणि संस्थानाचा टोचणारा खरोखरच आमच्याकडे आला. झालं! एकूण एक पोर रानात पसार. माझी चार वर्षांची ठकूसुद्धा मोठ्या पोरांमागे करवंदीच्या जाळीत शिरली. टोचणारा म्हणाला, "दुपारी मला पुढच्या गावी निघायचंय, मग थांबता येणार नाही." सासूबाईंनी रानाकडे तोंड करून वाघ, भुतं, फौजदार सगळे पुकारून पाहिले. छे! टोचणाऱ्याहून मोठं भय त्यांनी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

शेवटी त्या पारावर मटकन बसल्या आणि चोळीची बाही वर सारली. "आदी मला टोच, बाबा." आणि बाई लटलटा कापायला लागल्या. सोंग नव्हतं हो ते! "आयो, लई दुखंल का रं?" असं त्या तीनतीनदा विचारत होत्या. सासूबाई घाबरल्यात म्हटल्यावर जाळीतून एक डोकं वर आलं, मग दुसरं, आणि ती मौज बघायला सगळी पोरं पाराशी धावली. ठकू सगळ्यांच्या पुढे. दुपारच्या आत सगळे दंड टोचून झाले. आमच्या वाडीत देवी आल्या नाहीत.

पण त्या दिवसापासून सासूबाईंना कुणी भिईना. त्यांनी डोळे वटारले की पोरं खिदळायची. मग त्या उगीच पदर सारखा करत आत जायच्या. मला फार वाईट वाटायचं. माझी ठकू त्यांच्यामुळे वाचली होती. म्हणून पुढे चार लेकरांची आई झाले, तरी त्यांनी नुसती "सूनबाई" अशी हाक मारली की मी हातातलं टाकून धावायची आणि मान खाली घालून म्हणायची, "चुकलं, आत्याबाई." काय चुकलं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.