आमच्या घरी सोंडे नाहीत!

तांदळाचा डबा महिनाभर झाकून ठेवा, उघडल्यावर आत सोंडे, म्हणजे ते बारीक काळे किडे, असतातच. आमच्या लॅबचे किस्सेही असेच आपोआप वाढतात. गोंदियातल्या एका कॉलेजात आम्ही तिघं: सर, लॅब सांभाळणाऱ्या शालूताई आणि मी. काम एकच, गवती चहाच्या तेलाने तांदळातले सोंडे मारायचे.

*

तेलाचा वास अंगातून जात नाही. फुलचूरला जाणाऱ्या ऑटोत मी बसले की लोक नाक मुरडायचे. एकदा ऑटोवाल्यानेच तोडगा काढला.

"मॅडम को बीच में बिठाओ, किसी को मच्छर नहीं काटेगा!"

*

मारायला आधी सोंडे पाळावे लागतात. मी बरण्यांमध्ये तांदूळ घालून ते लेकरांसारखे वाढवले. एक दिवस बघते तर बरण्या लख्ख! शालूताईंनी तांदूळ चाळून, गच्चीवर उन्हात घालून, निवडून ठेवले होते.

"केवढे सोंडे झाले होते जी! काऊन नाही पाह्यलं तुमी?"

मला रडू फुटायचं बाकी होतं. सर म्हणाले, "तेलाचं नंतर बघू. आधी शालूताईंच्या चाळणीचं पेटंट घेऊ!"

*

मग सोंडे आणायला मी बाजारात गेले. किराणावाल्याला विचारलं, "सोंडे लागलेला तांदूळ आहे का?"

तो ताडकन उभा राहिला. "कौनसे डिपार्टमेंट से हो? हमारे यहाँ एक कीड़ा नहीं मिलेगा!" मग हळूच म्हणाला, "सामनेवाले के यहाँ देखो. बहुत हैं!"

*

तेलाचे थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो डब्यात ठेवायचा असतो. शिजवण्याआधी तांदूळ उघडा ठेवायचा, म्हणजे वास उडतो. सरांनी घरच्या डब्यात उत्साहाने अख्खी बाटली ओतली, आणि त्याच दिवशी पाहुणे आले. सरांच्या घरच्या वहिनींनी भात वाढला आणि शांतपणे म्हणाल्या,

"साखर घ्या वरून. चहाच आहे तो."

*

शेवटी गावात प्रयोग करायची वेळ आली. घरं मिळाली नाहीत तर प्रोजेक्ट बंद आणि माझी नोकरीही. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणारं गाव, घरोघरी तांदळाच्या कोठ्या. बायका जमल्या. मी विचारलं, "कोणाकोणाच्या घरी सोंडे आहेत?"

एकही हात वर नाही. त्यांच्यातल्या देवकाबाई तर उसळल्याच. "आमच्या घरी? सोंडे? चारचौघींत असं कायले विचारता जी?"

खरंच, तांदळात सोंडे म्हणजे बाईच्या संसाराची अब्रू गेली! सर बाटल्या परत पिशवीत भरू लागले. मी शेवटचं म्हणून विचारलं, "बरं, तुमच्या घरी नाहीत. ओळखीच्या कोणाच्या घरी?"

भराभर हात वर झाले. कोणाच्या जावेकडे, कोणाच्या विहिणीकडे. देवकाबाई म्हणाल्या, "माह्या नणंदेच्या घरी लय आहेत. द्या दोन बाटल्या!"

पिशवी रिकामी झाली.

*

काही दिवसांनी निकाल विचारायला गेलो. जी ती म्हणे, जावेला विचारून सांगते. सरांचा चेहरा उतरला. गाडीत बसणार, तेवढ्यात देवकाबाई पदर सावरत धावत आल्या.

"मॅडम, नणंदेच्या घरचे सोंडे मेले जी, सप्पा मेले! पण तो वास कवा जाईल? आमचा बुढा कालपासून भात खाऊन नाही राहिला!"